घाटघरची रोजची भाकरी

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा माझी नोकरी लोकांच्या ताटातलं अन्न गोळा करण्याची होती. ऐकणाऱ्याला हसू यायचं, आईला तर चक्क लाज वाटायची. कोणत्या पदार्थात किती लोह, किती चरबी, याचे तक्ते आहाराचे संशोधक वापरतात. त्यांत आमच्या जुन्नर-आंबेगावचं जेवणही बरोबर यावं म्हणून मी घरोघरी जायचे, माणूस जेवढं जेवेल तेवढंच एका डब्यात मोजून घ्यायचे आणि पुण्याला प्रयोगशाळेत पाठवायचे.

निरगुडसर माझं माहेरच. तिथं बाजरीची भाकरी माझ्या डब्यात टाकून लोक आपापल्या कामाला लागत. घोडं अडलं ते वर डोंगरातल्या घाटघरला. दोन खेपा झाल्या, आणि दोन्ही वेळा चरबीचे आकडे असे आले की पुण्याच्या मॅडमनी फोनवर विचारलं, "तिथं रोज लग्न असतं का गं?"

लग्न कसलं! वजनकाटा घेऊन आलेली मी म्हणजे पाहुणी. मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे, "मावशी, रोजचंच रांधा." ज्यांच्याकडे जायचे त्या मावशी म्हणायच्या, "रोजचंच हाय की!" आणि तेवढ्यात शेजारीण उसनी दिलेली तुपाची वाटी परत न्यायला दारात उभी. मला चिडताही येईना. माझ्या आईनं तरी दुसरं काय केलं असतं?

मॅडमनी शेवटची संधी दिली. या वेळीही जमलं नाही, तर तक्त्यात घाटघरपुढे निरगुडसरचेच आकडे चढणार होते. नाचणी खाणाऱ्यांच्या नावावर बाजरी! मग डोंगरातल्या बायांच्या अंगात रक्त का कमी, याचा हिशोब त्या तक्त्यावरून कुणाला लागला असता?

मी हट्टालाच पेटले. ऐन भाताच्या आवणीत गेले, मावशींकडे मुक्काम ठोकला आणि साडी खोचून खाचरात उतरले. सुरुवातीला ताटात तूप आलंच. मग एका सकाळी माझी वाकडी लागलेली रोपं बघून मावशी सगळ्यांदेखत खेकसल्या, "आगं, डोळं कुटं हायेत तुजं? नीट लाव की!" मला इतका आनंद झाला की मी चिखलातच हसत सुटले. पाहुणीवर असं कोण ओरडतं?

त्या दुपारी बांधावर त्यांनी माझ्यापुढे पहाटे थापलेली नाचणीची भाकरी टाकली, वर ठेचा. बस्स. मी घाईघाईनं दोन्ही मोजून डब्यात बंद केलं. त्या डब्यापासूनचे सगळे आकडे मॅडमनी पुढे कुरकुर न करता तक्त्यात घेतले. पण त्या क्षणी मावशींचा चेहरा पडला.

"का गं? न्हाई आवडली?"

"आवडली म्हणून तर पुण्याला धाडतेय. मला हीच हवी होती, मावशी."

"आन् तू काय खानार?"

खरंच, त्याचा मी विचारच केला नव्हता. फडक्यात एकच भाकरी उरली होती, त्यांची. त्यांनी ती मधोमध मोडली आणि एक तुकडा माझ्या हातात ठेवला.

"खा गपचिप. समदं खाचर लावायचं ऱ्हायलंय."