तळघरातलं शिष्टमंडळ

ब्रिटनमध्ये मंत्री बदलला की ती बातमी लंडनच्या आधी मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या एका तळघरात पोचते, असं माझं ठाम मत आहे. त्या तळघरात माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे सासरे राहतात. हे नातं सांगताना मला धाप लागते, म्हणून आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून काका तरुणपणी इंग्लंडला गेले, तिथे स्प्रिंगा बनवणारा एक छोटा कारखाना त्यांनी उभा केला, चाळीस वर्षं चालवला आणि काकू गेल्यावर तो जोनच्या हवाली करून मुलाकडे मिशिगनला आले. जोन त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागली होती आणि आता सगळं तीच बघते. काका इथे आले खरे, पण तिथल्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेचं सदस्यत्व त्यांनी सोडलं नाही. मनगटावरचं घड्याळही अजून लंडनच्या वेळेवर आहे. त्यामुळे बारा वाजता सुनेने जेवायला हाक मारली, की हे घड्याळाकडे बघून "आता चहा हवा" म्हणतात.

संघटनेचं परिपत्रक आलं की काका आंघोळ करून वाचायला बसतात. नव्या व्यापारमंत्र्याला संघटनेच्या वतीने अभिनंदनाचं पत्र कसं असावं, याचा मसुदा त्यांनी तयारच ठेवला आहे. त्यात नावाची जागा कोरी असते. "माणसं बदलतात जावईबापू, मागण्या त्याच राहतात," हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. मला ते या लांबच्या नात्यानेसुद्धा जावईबापू म्हणतात आणि तेवढ्या मानाच्या बदल्यात माझ्याकडून प्रिंटिंग करून घेतात. सरकारने प्रस्ताव मांडला की सदस्यांनी लेखी मत द्यायचं, ही संघटनेची शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे, की कॉलनीने सगळ्या टपालपेट्या काळ्या रंगवायचं ठरवलं तेव्हा काकांनी पाच पानी निवेदन दिलं. त्यात 'लघुउद्योगांवर होणारा परिणाम' असा स्वतंत्र परिच्छेद होता. एकदा जेवणाच्या टेबलावर ते ब्रेक्झिटनंतरच्या कागदपत्रांबद्दल बोलत होते, तर नात म्हणाली, "आजोबा, नोबडी केअर्स एनीमोअर!" काका शांतपणे म्हणाले, "कस्टमवाले केअर करतात बाळा. दर कंटेनरला करतात." मला या सगळ्याचं भारी कुतूहल. लॉबिंग म्हणजे बंद खोलीत चालणारं काहीतरी काळंबेरं, अशी माझी समजूत होती. मी एकदा विचारलंच. काका म्हणाले, "काही नाही हो. आपलं रडगाणं समोरच्याच्या फायद्याच्या चालीत म्हणायचं, बास." इतकी सोपी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

मग अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या पोलादी मालावर शुल्क वाढवलं आणि काकांचा चेहरा उतरला. जोनच्या कारखान्यातल्या निम्म्याहून जास्त स्प्रिंगा इथे जवळच्याच ट्रॉय शहरातल्या एका सीट बनवणाऱ्या कंपनीला येत. ते गिऱ्हाईक सुटलं तर कारखाना बंद, हे जोनने फोनवर सरळच सांगितलं होतं. संघटना लंडनमध्ये धडपडत होती, तिथले मंत्री वाटाघाटी करत होते, सवलतींच्या याद्या येत होत्या आणि काकांच्या स्प्रिंगा ज्या कलमात बसायच्या, ते कलम काही कुठल्या यादीत दिसत नव्हतं. "लंडन लांब पडतं," काका एका सकाळी म्हणाले. "अमेरिकेच्या टोकाला मी आहे की. जावईबापू, कोट घाला. शिष्टमंडळ न्यायचंय."

शिष्टमंडळात काका आणि मी. इथल्या खासदाराचं स्थानिक कार्यालय दातांच्या दवाखान्याशेजारी आहे. काका सूटमध्ये, छातीशी निवेदनाची फाइल, आणि माझ्या हातातल्या पिशवीत शाल आणि श्रीफळ. निवेदन रिकाम्या हाताने द्यायचं नसतं, हे कोल्हापूरचं वळण इंग्लंडच्या चाळीस वर्षांनीही सुटलं नव्हतं. चष्मा लावलेल्या, तिथे काम करणाऱ्या एका मध्यमवयीन बाईंनी आमचं स्वागत केलं. नारळ बघून त्या अर्धं पाऊल मागे सरकल्या. भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम आहे, असं त्यांनी हसून सांगितलं. मग काकांनी उभं राहून निवेदन वाचायला सुरुवात केली. ब्रिटनच्या लघुउद्योगांची परंपरा, ब्रिटनच्या कामगारांचं कौशल्य, ब्रिटनचं नुकसान. बाईंनी मध्येच हळूच विचारलं, "सर, आर यू लॉबिइंग फॉर अ फॉरिन कंपनी?"

"येस मॅडम!" काका अभिमानाने म्हणाले. "फॉर फॉर्टी इयर्स!"

माझं ग्रीन कार्ड अकरा वर्षं रांगेत आहे, आणि मी परदेशी कंपनीच्या माणसाबरोबर सरकारी कार्यालयात नारळ घेऊन बसलो होतो. पण बाई भल्या होत्या. त्यांनी फाइल मिटून काकांच्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, की ब्रिटनचं नुकसान इथे कोण ऐकणार? ट्रॉयच्या कंपनीचं काय अडेल ते सांगा, आणि ते त्या कंपनीकडूनच लिहून आणा. काका खाली बसले. चाळीस वर्षं जी चाल ते दुसऱ्यांना शिकवत होते, ती नेमकी स्वतःच्या कारखान्याची वेळ आली तेव्हा विसरले होते. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरचं दुखणं असलं की डॉक्टरचाही हात थरथरतो हो."

ट्रॉयच्या कंपनीला आम्ही तीनदा गाठलं. तिथला खरेदी अधिकारी पुण्याचा निघाला. त्याने काकांना वाकून नमस्कार केला, चहा पाजला. "काका, सही केली असती हो, पण ओहायोचा सप्लायर ऑलरेडी अप्रूव्ह झालाय," तो म्हणाला आणि खरंच ओशाळला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं ते मला परतताना दोनदा म्हणाले. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

कारखान्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. काकांनी मला बोलावलं, पण प्रिंटिंगचं काही काम नव्हतं. आमचे सकाळचे अकरा, म्हणजे तिथे दुपारचे चार, कारखान्याची पाळी सुटायची वेळ. जोनचा फोन आला. ती बरंच बोलली, काका तिकडच्या आपुलकीच्या रीतीने 'येस, लव्ह' एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी विचारलं, एकदा मशीन चालू करतेस? जोनने फोन मशीनजवळ धरला असणार. खडखडाट तळघरभर पसरला आणि काका डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकू लागले.

"नंबर थ्री," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय. चेंज इट, जोन."

मग जोन म्हणाली, "आय विल, बॉस. फर्स्ट थिंग मंडे."

काकांनी समाधानाने मान हलवली आणि फोन ठेवला. त्या कारखान्याला सोमवार उरला नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी वर जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला.