पाणी रिकामं दिसलं त्या दिवशी

जळकोटहून लातूरला जायला सरळ डांबरी रस्ता होता. मी मात्र जीप तिरू नदीच्या धरणाकडं वळवायचो. रस्ता कच्चा, बाभळी दोन्ही बाजूंनी काचेला घासायच्या, अर्धा-पाऊण तास जास्त लागायचा. पाशिंजर बोंबलायचे. बाजाराला जाणारी एक म्हातारी दर खेपेला विचारायची, "का रं ड्रायवर, सासुरवाडी हाय का तुझी ह्या पाण्यात?"

"हाव मावशी. जावयाला मासळीचं जेवण असतंय."

सगळे हसायचे. तेवढ्यात मी पाण्याकडं बघून घ्यायचो.

बघण्यासारखं होतंच. आता लोक लांबून कॅमेरे गळ्यात घालून तिथं येतात. मी ते फुकट बघितलंय, रोज. हिवाळ्यात धरणाचं पाणी पसरून उथळ व्हायचं. काठाला पाणकणीस, बेशरमाची जांभळी फुलं, पलीकडं करडईचं पिवळं रान. कधी हरणांचा कळप रस्ता ओलांडायचा आणि एखादा काळवीट मधोमध थांबून जीपकडं असा बघायचा, जसा आरटीओवाला कागदपत्रं मागतोय. आणि पाण्याच्या मधे बदकं. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळ्या पट्ट्या. रात्री हरभऱ्यात चरायची आणि दिवस उगवला की पाण्यावर येऊन बसायची.

पण मी शोभा बघायला जात नव्हतो. पाखरं बसलेली आहेत का उडाली, एवढंच बघायचो. बसलेली दिसली की जमीन ठीक. मग पुढचा रस्ता बरा जायचा.

ह्याला कारण होतं. भूकंपात माझी बहीण गेली. किल्लारीकडच्या एका गावात दिली होती. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, त्या घराचा आम्हाला अभिमान होता. मी जीप घेऊन पोहोचलो तेव्हा घर कुठं आणि गल्ली कुठं हे सांगायला शेजारीण लागली. तीच मला म्हणाली, "भाऊ, आदल्या सांजेला लिंबावरची पाखरं समदी उठून गेली. आम्ही म्हटलं, गणपतीच्या बाजाला भ्याली असतील."

ते बोलणं डोक्यात बसलं ते बसलं. मी तिसरी शिकलेला माणूस, पण तिथं उभ्या उभ्या पक्कं केलं की माणसाला कळत नाही, सरकारला कळत नाही, पाखराला कळतं. पुढं कुणी कितीही समजावलं तरी मी ते सोडलं नाही. आमच्या घराण्यात सोडायची पद्धत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी सगळा मुलूख लातूरकडं धावायला लागला. भूकंपात जे लोक लातूर सोडा म्हणत होते, तेच पोरांच्या वळकट्या घेऊन माझ्या जीपमध्ये बसायला लागले. शिरूर अनंतपाळ, कंधार, कुठून कुठून. क्लास, टेस्ट, मेस, एका खोलीत चार कॉट. माझी पोरगी दहावीला तालुक्यात वर आली, मग तिनं बी हट्ट धरला. हट्ट माझाच, मी काय बोलणार?

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मी आधी सगळे खांब हातानं चाचपले. मालक म्हणाला, "काका, म्हैस विकत घेऊन राहिलात का?" पोरगी लाजेनं लाल झाली. मला लाज वाटली नाही. मी घरी आलो आणि त्या रात्रीपासून माझी झोप गेली. पंख्याची सावली हलली तरी उठून बसायचो. त्या तिसऱ्या मजल्यावर काय चाललं असेल, ह्याचा पत्ता मला लागत नव्हता. म्हणून पावसाळा सरून दिवाळीनंतर तो कच्चा रस्ता सुकला की मी धरणाकडं वळायचो. दिवसातून एकदा पाखरं मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही.

अकरावीच्या साली परीक्षा लवकर उरकून ती सुट्टीला घरी आली आणि माझं धरणावर जाणं थांबलं. पाखरं पुढं कधी गेली ते मी बघितलंच नाही. माझी चूक काय ती इथं झाली.

बारावीच्या परीक्षेत तिचे दोन पेपर झाले होते. दुसऱ्या दिवशी बायोचा होता, आणि तिचं सगळं त्याच्यावर होतं. डॉक्टरकीचं खूळ तिनंच घेतलेलं. पेपरच्या आदल्या सकाळी मी रिकामी जीप घेऊन बांधावर चढलो. पाणी रिकामं. एक बदक नाही. आदल्या दिवशी पाण्यावर राखी चादर टाकल्यासारखी होती, आणि आता नुसतं पाणी चमकून राहिलं होतं.

मी तिथंच जीप लातूरकडं फिरवली.

पुढचं मला नीट आठवत नाही. रस्त्यावर हात करणारे पाशिंजर मी घेतले नाहीत, एवढं आठवतं. लातूरला पोहोचलो तेव्हा पोरगी क्लासमध्ये होती, शेवटची उजळणी चाललेली. दारातल्या सरांनी मला अडवलं. "काका, उद्या पेपर आहे तिचा. काही कळतंय का?"

"कळतंय म्हणूनच आलोय."

आणि मग मी खोटं बोललो. पोरगी धावत बाहेर आली तर मी म्हणालो, "चल. मायला बरं न्हाई."

आयुष्यात मी बायकोशी खोटं बोललो, पोलिसाशी बोललो. पोरीशी तेवढं एकदाच. पुस्तक छातीशी धरून जीपमध्ये बसली. उदगीर आल्यावर म्हणाली, "आप्पा, माय जिती हाय ना? खरं सांगा."

मी गाडी जोरात रेमटवत होतो. बोलायच्या ऐवजी जीप धरणाकडं वळवली. का वळवली ते मला आजपर्यंत कळलं नाही. कदाचित पाखरं परत आली असतील असं वाटलं असेल.

पाणी तसंच रिकामं होतं. मी इंजिन बंद केलं.

"हे बघ," मी म्हणालो. "मायला काही झालं न्हाई. पाखरं उठली. जमीन हालणार. तुला त्या इमारतीत ठेवू शकत न्हाई मी."

मला वाटलं रडेल. ती ओरडली.

"आप्पा, ही बदकं हिमालयाच्या पल्याडची हायेत! उन्हाळा लागला की माघारी जातात! दरसाली!"

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात हाय!" तिनं ते माझ्यापुढं आपटलं. "उद्या मला ह्येच लिहायचंय पेपरात!"

"पुस्तकवाला आला होता का हितं मोजायला?"

बांधाखाली एक बाई शेळ्या चारत होती. आमचा आवाज ऐकून वर आली. माझ्याच वयाची असेल. पोरीनं तिलाच विचारलं, "मावशी, ती बदकं कुठं गेली?"

"गेली की घरला. हरभरा निघाला, थंडी मोडली, आता काय खातेत हितं? दिवाळीनंतर येतेत परत." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "का वं पाव्हणं, एवढं तोंड का उतरलंय? तुम्हाला इचारून जायचं व्हतं का?"

पोरगी हसली नाही. मी पण नाही. पुस्तकाचं मी ऐकलं नसतं; शेळ्यावालीचं ऐकावं लागलं, कारण ती रोज तिथं होती आणि मी आपला जाता-येता बघणारा. दहा वर्षं जे मनाशी घट्ट धरून बसलो होतो, ते एका बाईनं काठी बगलेत धरून, तंबाखू चोळून तोंडात टाकता टाकता मोडलं.

"मला परत सोडा," पोरगी म्हणाली.

सकाळपासूनचा तिचा अर्धा दिवस मी खाल्ला होता. जाताना मी डांबरी रस्त्यानं गेलो आणि आरशात बघायचं टाळत होतो, कारण आरशात ती दिसत होती. वाचायला पुस्तक उघडायची, जीपच्या हादऱ्यानं अक्षर नाचायचं, मिटायची.

तिच्या इमारतीपुढं उतरली तेव्हा दुपार कलली होती. मी म्हणालो, "जमीन हालली तर?"

"हालली तर पळेन. मला पळता येतं." मग थांबली. "आप्पा, पेपर संपेपर्यंत लातूरला येऊ नका. मायचं नाव घेऊन तर कधीच नका. आता खरंच कुणी सांगायला आलं तर मी कसं ओळखू?"

राग आला, गिळला. हाव म्हणालो.

पुढचे दिवस मी कंधारच्या रूटवर गाडी लावली, लातूरकडं तोंडच करायचं नाही म्हणून. तिथं बी माझं ध्यान लातूरलाच. एका पाशिंजरला कंधारला उतरवायचं सोडून पार नांदेडला नेलं, त्यानं आईवरून शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. घरात बायको म्हणायची, "बसा की जरा, जमीन खणून काढता का पायानं?" पण मी गेलो नाही. दिलेला शब्द मी मोडत नाही. त्या आठ-दहा दिवसांत तो मोडायला किती सोपा होता हे मला एकट्याला माहीत.

शेवटच्या पेपरच्या दिवशी पोरगी एसटीनं आली. मला निरोप नव्हता. मी आपला स्टँडवर सकाळपासून होतो. वळकटी घेऊन खाली उतरली, मला बघितलं, वळकटी माझ्या हातात दिली.

"बायोचा कसा गेला?"

"बरा गेला. एक मोठा प्रश्न राहिला. वेळ होता, आठवलं न्हाई."

माझ्यामुळं का, हे मी विचारलं नाही. ती पुढं चालत होती, मी वळकटी खांद्यावर घेऊन तिच्या मागं, आणि ती जरा हळू चालावी म्हणून हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.