पाच सुरांची रूथताई

नीताचा फोन आला तेव्हा मी पेटीचा भाता उघडून बसले होते. एके ठिकाणी चामड्याची पट्टी सुटली होती, तिथून हवा जात होती. "मावशी, आई गेली," नीता म्हणाली, "सकाळी साडेसहाला. झोपेतच." मग म्हणाली, "उद्या अकराला दफन आहे. तुझ्यासाठी निरोप ठेवलाय तिने. पेटी घेऊन यायचं, आणि... रडून कुणी सूर बिघडवायचा नाही." एवढं सांगून ती स्वतःच रडायला लागली. मी फोन ठेवला आणि आधी ती पट्टी सरस लावून चिकटवली. दुसरं काय करणार? रूथताईसमोर गळका भाता घेऊन जायची माझी पस्तीस वर्षांत कधी हिंमत झाली नव्हती.

त्याला आता सहा आठवडे झाले. रूथ ओहोळ हे नाव पुण्यात फार लोकांना माहीत नाही. तिच्या जाण्याची बातमी कुठे छापून आली नाही. "छापण्यासारखं काय आहे त्यात, सगळेच जातात," असं तीच म्हणाली असती. पण नगरपासून जालन्यापर्यंत कितीतरी गावांतल्या चर्चमध्ये रविवारी तिची गाणी म्हणतात, आणि ती कुणी केली हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

रूथताई नगर जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरांची मुलगी. नर्सिंग शिकायला मिशनच्या हॉस्पिटलात राहिली, आणि तिथल्या म्हाताऱ्या मेट्रनबाईंच्या खोलीत तिने पहिल्यांदा ते गाणं ऐकलं. बाईंकडे जुन्या रेकॉर्डचा एक खोका होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं गाणं, गॉस्पेल. आपल्या चर्चमध्ये शांत, सरळ रेषेत चालणारी गीतं ऐकत वाढलेली ही मुलगी चक्रावूनच गेली. "वसू, त्या बायका प्रार्थना करत नव्हत्या, देवाची कॉलर धरून भांडत होत्या," ती मला सांगायची. "आणि भांडण संपलं की त्याच्याच गळ्यात पडून रडत होत्या. मला वाटलं, हे आपल्याला चालतंय तर! कुणी आधी सांगितलं का नाही?" तेच गाणं चर्चच्या दाराबाहेर पडून प्रेमाबद्दल, रोजच्या दुखण्याबद्दल बोलायला लागलं की त्याला सोल म्हणतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी नारायण पेठेतली, भजनी मंडळात आणि शाळेत पेटी वाजवणारी बाई. मला यातलं काय माहीत असणार?

आमची ओळख माझ्या शाळेत झाली. मी संगीत शिकवायचे आणि नीता माझ्या वर्गात होती. रूथताई तेव्हा सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती. तिचे यजमान सॅम्युअल खडकीच्या कारखान्यात होते, ते हृदयविकाराने अचानक गेले होते, त्याला वर्षही झालं नव्हतं. स्नेहसंमेलनानंतर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पेटी फार सभ्य वाजवता." मी खूश होऊन आभार मानले. "कौतुक नाही करत मी," ती म्हणाली. "आमच्याकडे या एकदा. जरा बिघडवते तुम्हाला."

मी गेले. कॅम्पातल्या चर्चमागच्या लहानशा खोलीत सहा-सात बायका तालमीला जमल्या होत्या. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. जन्मभर टाळी समेवर दिलेली; इथे टाळी समेच्या नंतर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. माझा हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडायचा आणि सगळ्या बायका हसायच्या. "वसू," रूथताई म्हणाली, बाईची वसू तिने तासाभरातच केली होती, "समेवर सगळं ठीक असलेली माणसं टाळी देतात. ज्यांना धक्का बसलाय ती जरा उशिरा देतात." आमच्या भजनी मंडळात ही बातमी पोचायला चार दिवस लागले. एका काकूंनी मला विचारलं, "पेटी धुऊन घेता का हो परत आल्यावर?" मी म्हटलं, "नाही हो, भात्यात पाणी गेलं तर आवाज बसतो." इतकं फटकन उत्तर द्यायला मी कुठे शिकले, हे सांगायला नकोच.

त्या काळात शनिवारी संध्याकाळी रूथताई एका मोठ्या हॉटेलात बँडबरोबर इंग्रजी सोल गाणी म्हणायची. तिथे तिचं नाव मिस रूबी. निळी साडी, केसात फूल, आणि तो आवाज... खालून तापत तापत वर चढायचा आणि वरच्या षड्जाला जरासा फाटायचा. ते फाटणं ऐकायला लोक यायचे. एकदा तिने मॅनेजरला विचारलं, "एखादं मराठीत म्हणू का?" तो म्हणाला, "मराठी? लोक जेवत असतात, मॅडम." दुसऱ्या शनिवारी तिने न विचारताच म्हटलं. सॅम्युअल गेल्यावर तिने स्वतः बांधलेलं पहिलं गाणं होतं ते: 'दार लावू नको, देवा, मी अजून उंबऱ्यात आहे.' जेवणाऱ्यांचे हात थांबले. एक वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले आणि गाणं संपेपर्यंत उभेच होते. मॅनेजरने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "हे हॉटेल आहे मॅडम, चर्च नाही." त्यानंतर त्यांनी तिला बोलावलं नाही.

मग ती तेच गाणं घेऊन चर्चच्या कमिटीकडे गेली. तिथले एक ज्येष्ठ सभासद शांतपणे ऐकून म्हणाले, "सिस्टर, हे चर्च आहे, हॉटेल नाही." बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ही रडेल. ती पर्स बंद करत म्हणाली, "दोघांना एकमेकांचा पत्ता देऊन टाकावा. जमेल त्यांचं." आणि रडली नाहीच. हॉस्पिटलच्या ड्यूट्या सांभाळून तिने तीन वर्षांत अकरा गाणी बांधली. त्या सहा-सात बायकांना घेऊन आम्ही जिथे बोलावतील तिथे जायचो. कुणाचं लग्न, कुणाचा स्मरणदिन, पेठेतल्या एका शाळेचं सभागृह. कमिटीतले तेच सभासद आजारी पडले तेव्हा रूथताईच्याच वॉर्डात आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ते उंबऱ्याचं म्हणाल का जरा?" तिने त्यांचा रक्तदाब मोजता मोजता म्हटलं. पुढच्या नाताळात ते गाणं चर्चमध्ये झालं, तेही त्यांच्याच आग्रहावरून.

तिच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा मान कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी एका गावाची गोष्ट सांगते. आमच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली होती. तिच्या प्रतींच्या प्रती कुठे कुठे गेल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी शेवगावच्या बाजूला एका लहान चर्चमध्ये आम्हाला बोलावलं. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या. रूथताईने उंबऱ्याचं गाणं सुरू केलं, तर बायका तिच्याबरोबर म्हणायला लागल्या, पण शब्द वेगळे! एक ओळ झाल्यावर पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात वर करून गाणं थांबवलं. "ताई, तुमचं चुकतंय," ती म्हणाली. "दार लावू नको, असं न्हाई म्हणायचं. आज न्हाई लावणार, उद्या लावंल. 'दारच काढून ठेव, देवा' असं हाय ते." मी घाबरून रूथताईकडे पाहिलं. तिने आपण कोण हे सांगितलंच नाही. म्हातारीसमोर खाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, शिकवा मला." परतीच्या एसटीत मला म्हणाली, "आता झालं गं गाणं. माझ्या हातून सुटलं म्हणजे झालं." त्या दिवसापासून ती 'दारच काढून ठेव' असंच म्हणायची.

आणि मग आवाजच गेला.

साठी उलटल्यावर तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचं ऑपरेशन करावं लागलं. स्वरयंत्राची नस त्या गाठीला चिकटली आहे, आवाजाचं काही सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं. ती स्वतः सिस्टर, तिला सगळं कळत होतं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी गेले तर तिने ओठ हलवले आणि फक्त हवा आली. 'वसू' एवढंसुद्धा उमटलं नाही. एक स्वरतंतू हलतच नव्हता. सहा महिने थेरपी झाली, थोडं बोलणं सुधारलं, पण गाणं... ती रोज दुपारी मला बोलवायची. मी पेटीवर एक सूर धरायचे, ती त्याला भिडायची, आणि घसा खरवडल्यासारखा आवाज यायचा. रोज तासभर. माझ्याच्याने ऐकवेना. एके दिवशी मी भाता सोडून दिला आणि म्हटलं, "ताई, पुरे आता. खूप गायलीस. किती हाल करून घेणार आहेस?" तिने माझ्याकडे पाहिलं. टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं, "तू जा. पेटी ठेवून जा."

मी गेले. पेटी ठेवून गेले. आठ दिवस घरात धुमसत होते. माझं चुकलं कुठे, तिच्या काळजीनेच तर बोलले, असं स्वतःला समजावत होते. नवव्या दिवशी कळून चुकलं की काळजी तिची नव्हती, माझ्या कानांची होती. मला तो जुना आवाज हवा होता. तिला गाणं हवं होतं. दुपारी नेहमीच्या वेळी जाऊन तिच्या दारात उभी राहिले. आतून सूर येत होता. तिचं बोट पेटीच्या पांढरी दोनवर होतं. एवढ्या खाली ती कधीच गायली नव्हती. आणि त्या सुरावर तिचा आवाज उभा होता! जाडसर, पुरुषी, वाऱ्याने भरलेला, पण पक्का उभा. तिने मला पाहिलं, थांबली नाही. सूर संपल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चुकीच्या मजल्यावर दार ठोठावत होतो आपण. बस. हा धर."

त्या एका सुराचे पाच व्हायला दीड वर्ष लागलं. पाचच. त्याच्या वर एकही नाही, खाली एकही नाही. तिने आपली अकराच्या अकरा गाणी त्या पाच सुरांत नव्याने बांधली. जिथे गाणं वर जायचं तिथे बायकांना वर पाठवलं आणि आपण खाली पाय रोवून राहिली. ईस्टरच्या उपासनेला ती पहिल्यांदा पुन्हा उभी राहिली तेव्हा मंडळींत कुजबुज होती, बाईंनी हे करायला नको होतं. पहिल्या ओळीनंतर कुजबुज थांबली. पूर्वी तिचा आवाज ऐकून लोक म्हणायचे, काय गाते! आता कुणी तसं म्हटलं नाही. पाळकसाहेब मला नंतर एवढंच म्हणाले, "आज मला माझी आई आठवली. का ते कळलं नाही."

शेवटची सात वर्षं ती वाघोलीला नीताकडे होती. त्या सोसायटीतही तिने स्वस्थ बसायचं नाकारलं. रविवारी चार वाजता क्लबहाउसमध्ये गाणं, कुणीही यावं, असा कागद तिने लिफ्टमध्ये लावला आणि मला पेटीसकट बोलावलं. आयटीतली दोन मुलं आली, एक निवृत्त प्राध्यापक आले, आणि क्लबहाउसची झाडलोट करणारी यवतमाळकडची सुनंदा कामासाठी म्हणून आली ती दारातच उभी राहून गुणगुणायला लागली. "आत ये," रूथताई म्हणाली. सुनंदा म्हणाली, "मी तुमच्या देवाची नाही, मॅडम." "मी पण सोमवार ते शनिवार नसते," रूथताई म्हणाली. "ये आत." चेअरमन येऊन आडून आडून म्हणाले, कामवाल्या बायकांनी हॉलमध्ये बसायचं म्हणजे... रूथताईने त्यांना खुर्ची दिली. "बरं झालं आलात. पुरुषांत खालचा आवाज नाहीये आमच्याकडे." ते आता नियमित येतात. सूर बेताचाच आहे.

दफनाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही गायलो. कुणीही सूर बिघडवला नाही. मी एकदा बिघडवला, पण तो भात्यावर ढकलता आला.

त्यानंतरचे दोन रविवार कुणी जमलं नाही. तिसऱ्या रविवारी मीच पेटी घेऊन वाघोलीला गेले. ऑपरेशननंतर रूथताईचा घसा दोन ओळींत कोरडा पडायचा, म्हणून मी दर वेळी नीताच्या घरून झाकणाच्या पेल्यात कोमट पाणी आणून पेटीच्या डाव्या अंगाला ठेवायचे. त्या दिवशीही सवयीने आणलं, ठेवलं, आणि ठेवल्यावर लक्षात आलं... उचलून न्यावं असं वाटलं, पण सगळे बघत होते. चेअरमन खाकरले. पहिली ओळ कुणी घ्यायची हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी कोपऱ्यातून सुनंदाने घेतली. तिचा आवाज पातळ, जरा चढा, शब्द तिच्या बोलीतले. पहिलं कडवं झालं. ती पुढे आली, पेला उचलला, झाकण काढून माझ्या हातात दिलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, एक सूर वर घ्या. मला खाली पुरत नाही."

मी घेतला.