म्हशीचा कान

दोन वर्षांपूर्वी पाऊस सरताना मलकापूरहून माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला. "दसरा झाला की दोन दिवस तुझ्याकडं येतो. देऊळ न्हाय, बाजार न्हाय. कोल्हापुरात कधी बघितलं न्हाय असं काहीतरी काढ की."

काचबिंदूनं वन्संची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. 'बघितलं' हा शब्द त्या सहज बोलून गेल्या. अडखळले ते मीच.

कोल्हापूरला लागूनच, उचगावात मी वीस वर्षं राहते, पण शहरात जायचं ते दवाखान्याला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. तिथं आणखी काय काय चालतं, कुणाला ठाऊक! मग पेपरातला कार्यक्रमांचा रकाना रोज वाचायला लागले, रिक्षावाल्यांना विचारायला लागले. वहीचं पान भरत गेलं. एका तालमीत सकाळी मर्दानी खेळाचा सराव असतो. एक म्हातारे कारागीर दुकानातच ढोलकी मढवतात. एका सभागृहात चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं. त्यावर मी काट मारली.

वन्सं आल्या तशा यादी ऐकायला बसल्या. "आन् काटलंस काय?"

मी चाचरत सांगितलं.

"मग तिथं जायाचंच. तू सांग, मी बघतो."

पहिल्या दिवशी आधी ढोलकीवाल्या चाचांकडं गेलो. ते चामड्यावर काळी शाई लावायचे, दगडानं घोटायचे, पुन्हा लावायचे. दर थरानंतर बोट मारून बघायचे. "आता आवाज बदलला," वन्सं म्हणाल्या. चाचांनी मान वर केली. "पावणं, कान तयार हाय की तुमचा!"

तिथून प्रदर्शनाला. पहिल्या चित्रापुढं मी म्हणाले, "नदी आहे. त्यात म्हैस आहे."

"पाण्यात कुठवर हाय?"

"पोटापर्यंत."

"तोंड कुणीकडं?"

"आपल्याकडं."

"आन् कान?"

म्हशीचा कान कोण बघतं? मी वाकून पाहिलं. "एक सरळ आहे. एक मागं वळलाय."

वन्संनी उभा जन्म गोठ्यात काढलेला. त्या लगेच म्हणाल्या, "मग मागनं कुणीतरी येतंय. चित्रात माणूस हाय बघ."

"नाही हो वन्सं, नुसती लव्हाळी आहेत."

"नीट बघ."

लव्हाळ्यांत, हिरव्या रंगातच बुडालेलं, एका बाईचं डोकं होतं. "आहे हो वन्सं, बाई आहे!" मी मोठ्यानं म्हणाले.

पलीकडं बसलेली चित्रकार मुलगी उठून आली. "मावशी, तीन दिवसांत ही बाई कुणालाच दिसली नव्हती. तुम्हाला कशी दिसली?"

"मला कुठली दिसतीया? म्हशीला दिसली," वन्सं म्हणाल्या.

मुलीनं क्षणभर त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग त्यांचा हात हातात घेतला आणि आम्हाला पुढच्या चित्राकडं नेलं.

संध्याकाळपर्यंत आमची जेमतेम पाच चित्रं झाली. दुसऱ्या दिवशी तालमीचा बेत रद्द करून आम्ही पुन्हा तिथंच गेलो. शेवटच्या चित्रात धावणारं वासरू होतं. पाय कसे आहेत, मान कशी आहे, वन्संनी मला पंधरा प्रश्न विचारले आणि त्या चित्रकार मुलीला म्हणाल्या, "हे पळत न्हाय गं पोरी, घसरतंय. शेपूट वर घे त्याची."

मुलगी खळखळून हसली आणि मागच्या खोलीतून ब्रश घेऊन आली.