जाळरेषेचं दान

बाबा नागझिऱ्याच्या फाटकावर गाइड होते. फाटकाशेजारी एक पत्र्याची पेटी होती. पर्यटक तिच्यात स्वखुशीने काही टाकत आणि त्यातून जाळरेषेची मजुरी निघे. जाळरेषा म्हणजे जंगलात झाडून काढलेला रुंद पट्टा. वणवा तिथवर येतो आणि पुढे पाला न मिळाल्याने विझतो. पेटीवर आधी ‘देणगी’ लिहिलेलं होतं. बाबांनी ते खोडून ‘दान’ केलं. हा शब्द त्यांनी बुद्धविहारातून आणला होता.

मी कॉलेजात होते, सुटीत त्यांच्यासोबत जाई. एका सकाळी गोंदियाच्या एका व्यापाऱ्याने सगळ्यांना दिसेल अशी मोठी नोट पेटीत टाकली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“अब तो टायगर पक्का ना, चाचा?”

बाबा सफारीच्या जिप्सीत लगेच चढले नाहीत. पेटीची किल्ली वनरक्षकाकडे असे. त्याला बोलावून त्यांनी पेटी उघडवली आणि नोट व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली.

“वाघ इकाले नाही ठेवला जी आमी.”

“अरे, मजाक किया!”

“मंग मजाक खिशात ठेवा जी.”

त्याने ती खरंच खिशात घातली. त्या वर्षी पेटी हलकी होती. तलावाकडची जाळरेषा मजुरीअभावी अर्धी राहिली होती आणि मोहाचं फूल गळायला लागलं होतं. फुलं वेचायला लोक झाडाखालचा पाला पेटवतात. वणवा बहुतेक तिथूनच निघतो.

फेरी आटोपल्यावर मी विचारलं, “काऊन वापस केली, बाबा?”

“देऊन मांगलं त दान कायचं? सौदा झाला थो. चाल बाई, खराटा धर.”

रोज दोन फेऱ्यांच्या मधल्या उन्हात आम्ही झाडत गेलो. माझ्या तळहातांवर फोड आले. “पुस्तकाचे हात होत हे,” बाबा हसले. भाकरी घेऊन आलेली आई शेजारणींसह थांबली, तीही झाडू लागली. पट्टा तलावापर्यंत पोहोचला.

आठवड्याभरात वणवा आला. पट्ट्याच्या कडेपर्यंत सगळं काळं झालं, अलीकडे बांबू तसाच उभा राहिला.

वणवा विझल्यावर बाबा प्रत्येक फेरीत गाडी तिथे थांबवत होते. “माह्या पोरीनं झाडला जी हा पट्टा.”

निम्म्याहून जास्त त्यांनीच झाडला होता. तेव्हा अभिमानाने मी गप्प राहिले. आता खरं सांगायला गेले, तर ते नाहीत.