खडूच्या रेघेवरचे पाणी

आदरणीय प्रा. टाकळकर सर वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. सरांविषयी बोलायला मला कधीही आवडते, लिहायला मात्र धास्ती वाटते, कारण सर हा लेख लाल पेन हातात घेऊनच वाचतील.

सरांना मी प्रथम पाहिले ते तंत्रनिकेतनातल्या द्रवांच्या पहिल्या तासाला. सर एका हातात गोडेतेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन आले. "जड काय?" त्यांनी विचारले. आम्ही खेड्यापाड्यांतली पोरे एका सुरात ओरडलो, "तेल! घट्ट असतं ना, सर." सरांनी पाण्यात तेल ओतले. तेल निवांत वर येऊन बसले. आमची तोंडे बघण्यासारखी झाली होती. "जड असणं ही डेन्सिटी. वाहायला कुरकुर करणं ही व्हिस्कॉसिटी. दोन्हींची गल्लत करू नका," सर म्हणाले.

आधी डोळ्यांनी बघायचे, मग आपल्या बोलीत सांगायचे आणि इंग्रजी व्याख्या सर्वांत शेवटी, ही सरांची पद्धत. कॅन्टीनमध्येही ती सुटत नसे. कपात चमचा फिरवून भोवरा दाखवता दाखवता चहाचे पाणी होऊन जाई. सरांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदा तरी गरम चहा घेतला असेल, असे मला वाटत नाही.

मी कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातली, मराठी शाळेत शिकलेली. बघितलेले सारे कळायचे, पण इंग्रजीत व्याख्या सांगायला उभी राहिले की पहिल्याच शब्दाला अडखळायची. दुसऱ्या सत्रात मी हाय खाल्ली. 'बाजारच्या दिवशी न्यायला या,' असा निरोप वडिलांना धाडला आणि ट्रंक भरून ठेवली. सरांना हे समजले होते. ते एवढेच म्हणाले, "अहो शिंगाडे, प्रॅक्टिकल तेवढं करून जा."

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शहर चहूकडे वाढत होते, नळ मात्र दिवसेंदिवस कोरडे राहत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीला लागूनच एक वस्ती होती. आत काचेच्या नळीतून पाणी धावताना दिसले आणि तिथल्या गयामावशी रिकामा हंडा घेऊन तरातरा आत आल्या.

"आमच्या लेकरायला प्याया पानी नाय, अन् तुमी हितं पान्याशी खेळता व्हय? बंद करा हे समदं!"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा राग रास्त आहे. शिंगाडे, यांना समजावून सांगा." मी व्याख्येचे शब्द जुळवू लागले. पण समोरची बाई माझ्या चुलतीसारखी बोलत होती, तेव्हा मीही तसेच बोलू लागले.

"मावशी, हे पानी कुटं जात नाय. खालच्या टाकीतून पंप वर नेतो, नळीतून फिरून परत खालीच येतं. नळी बारीक तिथं जोरात पळतं, रुंद तिथं दमानं. पन जेवढं आत, तेवढंच भाईर."

"असं व्हय?" मावशींनी सरांच्या हातातला खडू घेतला. पंप बंद करायला लावला, पाणी स्थिर झाल्यावर टाकीच्या भिंतीवर रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता फिरवा." पंप सुरू झाला नि टाकीतले पाणी भराभर रेघेखाली उतरले.

"बघा! गेलं का नाय? लई शाने तुमी!"

मी सरांकडे पाहिले. सर चष्मा पुसत राहिले. "थांबा, मावशी," मी म्हटले, "ते नळीत हाय. पंप बंद झाला की येतंय." पंप बंद केला. पाणी गळत, टिपकत परत आले आणि रेघेला टेकले. अगदी टेकले नाही, किंचित खाली राहिले. "तेवढं उडालं, ते आमच्याकडून गेलं," सरांनी मावशींना सरळ सांगून टाकले.

मावशी टाकीत डोकावल्या. "प्यायचं नाय हे. भांड्याला तरी देता का?"

"मुलांची परीक्षा होऊ द्या. मग टाकी तुमची."

त्या गेल्या आणि सर माझ्याकडे वळले. "अहो शिंगाडे, आता हेच इंग्रजीत." डोळ्यांसमोर अजून ती रेघ होती. मी कंटिन्युइटीची, म्हणजे 'जेवढं आत, तेवढंच बाहेर'ची, व्याख्या मोडक्यातोडक्या वाक्यांत, पण न थांबता सांगितली. सरांनी फक्त एक क्रियापद दुरुस्त केले. वडील न्यायला आले तेव्हा मी भरलेली ट्रंक रिकामी केली, त्यांना भाकरी वाढली आणि राहते म्हणाले.

परीक्षा संपली त्या दुपारी सर स्वतः बादली घेऊन टाकीपाशी उभे होते. इस्त्रीच्या पँटचे पार वाटोळे झाले होते. शेवटचा हंडा भरेपर्यंत ते हलले नाहीत. दिलेला शब्द पाळणे म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी आम्हांला कधी सांगितली नाही.

आज मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वापरलेले पाणी पुन्हा फिरवण्याचे काम पाहते. नवी मुले येतात, इंग्रजी तक्ते पाहून बावरतात. मी त्यांना आधी टाकीपाशी नेते. त्यांतली बहुतेक टिकतात. सर, हे सारे तुमचे आहे.

गेल्या आठवड्यात मुद्दाम त्या वस्तीत गेले होते. गयामावशी आता थकल्या आहेत. सरांची पंचाहत्तरी आहे म्हटल्यावर खुदकन हसल्या. "खडूवाले सर ना? त्यान्ला म्हनावं, लई फिरले, आता दमानं फिरा. पन पानी रेघंखाली जाऊ देऊ नका."

सर, माझ्याजवळ याहून चांगली शुभेच्छा नाही. आपणांस उदंड, निरामय आयुष्य लाभो. आणि एकदा तरी चहा गरम असताना प्या.