एकट्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या वसुधाताई

टावर चौकात पोहे खात उभा होतो, तेव्हा फोन आला. वसुधाताई पहाटे झोपेतच गेल्या. पोह्यांची बशी तशीच ठेवून निघालो... आदल्याच रविवारी त्या माझ्याशी वाद घालून हसत घरी गेल्या होत्या. त्यांना जाऊन आता महिना होत आला.

ताई शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी फ्रीगंजमध्ये कम्प्युटर शिकवतो. आमच्या माळव्यातल्या मराठी मंडळाने ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. त्या ठेवायच्या कुठे, अशी चर्चा निघाली. मी म्हटलं, एका कंपनीच्या हाती कशाला? इंटरनेटवरून सभासदांचे कम्प्युटर एकमेकांना जोडू, घरोघरी प्रती राहतील, मालक कोणीच नाही. टाळ्या पडल्या. ताई तेवढ्या उठल्या.

"चलो, मान लिया. पण मालक नाही म्हणजे जबाबदार कोण? उद्या कुणाला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटलं, तर त्याने किती दारं ठोठावायची?"

मला राग आला. पण त्या हटेनात, म्हणून आधी प्रत्येकाची परवानगी घ्यायचं ठरलं. त्यासाठी, आठवणी सांगितलेल्यांपैकी एक, नानासाहेबांकडे गेलो. धाकट्या भावाशी झालेल्या भांडणाबद्दल ते रेकॉर्डिंगमध्ये भरभरून बोलून गेले होते, आणि तोच भाऊ आता अंथरुणाला खिळला होता. "ते काढता येईल ना रे भैया?" त्यांनी विचारलं. अजून ते कुठेच गेलं नव्हतं. माझ्याच कम्प्युटरवर होतं. त्यांच्यासमोर पुसलं.

हे कळल्यावर मंडळ घाबरलं. योजनाच बंद करा, म्हणाले. तेव्हा माझ्या बाजूने उठलं कोण, तर ताई! "जे राजी आहेत, त्यांचे आवाज का गमवायचे?" त्यांनी सगळ्यांना वळवलंच.

बाहेर पडताना मी विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?"

"त्या दिवशी सगळे तुझ्याकडे होते, आज तू एकटा होतास. एकट्याचं कुणी धड ऐकत नाही रे... म्हणून मी तिकडे जाऊन बसते."

आमच्या नानाखेड्याच्या घरी आता त्या आठवणींची एक प्रत आहे. ताईंचाही आवाज आहे त्यात. बायको भाजी निवडताना तो लावते. माळव्यातल्या उन्हाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही, असं ताई ठासून सांगतात. बायकोचा हात थांबतो. "पण ताई, असं कसं?" ती म्हणते... आणि ताई पुढचा मुद्दा मांडू लागतात.